निताचे हेडफोन आणि जमनाकाकीचा ढावलो

निताला अख्खं गोरेगाव कॉम्प्युटरची मास्तरीण म्हणे, आणि तिला ते ऐकायची भारी हौस. क्लासमधली जुनी मशिनं विंडोजवर धापा टाकायची. तिनं त्यांवर लिनक्स चढवलं, ती तुरुतुरु चालू लागली, आणि तेव्हापासून निताची मान जी ताठ झाली ती खाली आलीच नाही.

त्याच ताठ्यात तिनं आपल्या बंजारा तांड्यावर एक थाप मारली होती. लग्न तोंडावर आलेलं. तांड्याची रीत अशी, की नवरीनं सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडायचं. ते रडगाणं म्हणजे ढावलो. तो शिकवावा तांड्यातल्या म्हाताऱ्या जमनाकाकीनंच. काकी आपण होऊन शिकवायला आली, तर ही म्हणाली, "मला येतो की!" येत होता कपाळ! आणि ढावलो न येणारी नवरी म्हणजे तांड्याला वर्षभराचं हसू.

मागच्या एका लग्नात काकीचा ढावलो निताच्या मोबाइलवर उतरला होता. बाजाराच्या दिवशी क्लासला सुट्टी. मागच्या खोलीचं दार लावून तिनं तो कॉम्प्युटरवर लावला आणि कान झाकणारे मोठे हेडफोन चढवले. पडद्यावर गाणं पुढे सरकत होतं, कानात मात्र चिडीचूप.

तिनं आवाज शंभरावर नेला. पिन काढून फुंकली, पुन्हा खोचली. मिक्सर उघडला, तर हेडफोनची पट्टी मुकी करून ठेवलेली! "सापडला चोर," म्हणत तिनं तिला वाचा दिली. तरी ढिम्म. निताने लिनक्सच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तेवढ्यात शेजारचा चपलांचा दुकानदार जुनेद दार ढकलून आत आला. तिनं हेडफोन काढले.

"मॅडम, कोन गेलं?"

उघड्या दारातून तिला ऐकू आलं. पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड केलेल्या मोठ्या टीव्हीतून जमनाकाकी टिपेला रडत होती. काल पोरांना शिकवताना निताने टीव्हीची वायर जोडली होती, आणि मशीन अजून सगळा आवाज तिकडेच धाडत होतं. दारात अर्धा बाजार जमलेला. सगळ्यांच्या पुढे, वांग्यांची पिशवी धरून, खुद्द जमनाकाकी.

"काहून गं, तुला येत व्हता ना?"

लाजेनं निताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं सेटिंगमध्ये टीव्हीच्या जागी हेडफोन निवडले. बाहेरचं रडणं थांबलं. काकीनं आत येऊन हेडफोन ओढणीवरूनच डोक्यावर चढवले आणि डोळे मिटून ऐकलं.

"चांगली रडून राहिली म्हातारी," ती म्हणाली. "पर मी तुला शिकवायची न्हाई आता. थाप मारली, तूच निस्तर."

लग्नाच्या दिवशी निता काकीच्या गळ्यात पडली. पण एकही ओळ आठवेना. तांडा टक लावून बघत होता. काकीनं ओढणीआड तिच्या कानाला तोंड लावलं आणि ओळ सांगितली. निताने ती मोठ्यानं सुरात म्हटली. मग दुसरी, तिसरी. बायका माना डोलवू लागल्या. निताला तर आतून हसूच फुटत होतं.

एकाएकी कानातला आवाज बंद झाला. काकी आता सूड उगवतेय, असं निताला वाटलं.

"काकी, सांग की पुढचं," ती कुजबुजली.

काकीला सांगता येईना. तिचा गळाच दाटून आला होता.

पुढचं मग निता आपली आपणच रडली.