विहिरीजवळची माती

दूषित जमीन कशी तपासायची आणि साफ कशी करायची, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. त्याचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. ते मी अजून फाडलं कसं नाही, याचं मलाच नवल वाटतं.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. प्रशिक्षण ठेवलं होतं एका सहकारी साखर कारखान्याच्या विश्रामगृहात, कारण ऊसच नसल्याने कारखाना बंद होता आणि खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. ज्यांच्या डिस्टिलरीने मळीचं काळं पाणी उघड्या तळ्यात साठवून आसपासची जमीन नासवली, त्यांच्याच घरी पाहुणचार झोडत आम्ही नासलेल्या जमिनीचा अभ्यास करणार होतो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. जेवण चांगलं होतं.

शिकवायला मोठ्या शहरातून एक सर आले होते. चार दिवस त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. परदेशातले पेट्रोल पंप, बर्फाखाली पुरलेल्या टाक्या, पांढरे डगले घातलेली माणसं. खिडकीतून मळीचं तळं दिसत होतं, त्याचा वास जेवणाच्या ताटापर्यंत येत होता, पण सरांनी एकदाही तिकडं बोट दाखवलं नाही. पाचव्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. सर म्हणाले, नमुना घ्यायला मी तुम्हाला काय शिकवणार, तुम्ही रोज तेच करता. आणि ते विश्रामगृहातच थांबले.

आमच्या गटाच्या वाट्याला तळ्याच्या खालच्या अंगाची मोसंबीची बाग आली. बाग एका बागवान चाचांची होती. तालुक्याच्या गावी त्यांचं फळांचं दुकान होतं आणि इथं ही बाग. अर्धी झाडं वाळून गेलेली. गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ गाठला होता आणि चाचांच्या विहिरीला मात्र पाणी होतं. तळ्यातून झिरपून येत होतं, दुसरं कुठून येणार? चाचा ते झाडांनासुद्धा घालत नव्हते. तहसीलला ती विहीर टँकर भरायला ताब्यात हवी होती, चाचा नाही म्हणत होते, आणि म्हातारा पाण्यावर नागासारखा बसलाय असं अख्खं गाव बोलत होतं. चाचांना एक कागद हवा होता. जमीन आणि पाणी खराब आहे, एवढंच सांगणारा. त्या आशेवरच त्यांनी आम्हाला बागेत येऊ दिलं होतं.

आता आमचा हात कशाला सरावलेला होता ते सांगते. खत किती टाकायचं हे ठरवायला माती तपासतात, तेव्हा शेतात नागमोडी चालत दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे. सगळी माती गोणपाटावर एकत्र कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांधाजवळची माती घ्यायची नाही, खताच्या ढिगाजवळची नाही, विहिरीजवळची तर नाहीच, कारण तिथली माती बाकीच्या शेतासारखी नसते. हे मी कितीतरी शेतकऱ्यांना दरडावून सांगितलं होतं. चुकीचे नमुने त्यांच्या तोंडावर परत केले होते.

चाचा विहिरीजवळ उभे होते. तिथं जमिनीवर काळा चिकट पट्टा होता आणि त्यावर गवताची काडी उगवलेली नव्हती.

"मॅडम, इथली घ्या की," ते म्हणाले. "सगळं इथंच हाय."

"चाचा, विहिरीजवळची घेत नसतात."

वर मी हसलेसुद्धा. समोरच्याला काही कळत नाही असं वाटलं की आपण हसतो, तसं.

आम्ही नेहमीसारखी दहा ठिकाणची माती कालवून घेतली आणि अहवालात जमीन सर्वसाधारण आली. गटप्रमुख म्हणून खाली माझी सही. यजमान म्हणून कारखान्याने एक प्रत मागून घेतली, ती सरांनी हसत दिली, आणि तिथून ती तहसीलला पोचली. तहसीलवाले म्हणाले, तज्ज्ञांनी जमीन तपासलेली आहे, मग विहिरीला काय झालंय? पाणी तपासायचं म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली की नाही बघायचं, एवढंच आमच्याकडं माहीत. पोलिसांना सोबत घेऊन त्यांनी विहीर ताब्यात घेतली.

हे मला एका सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, आनंदाने, आपल्या अहवालाचा उपयोग झाला म्हणून. त्या दिवशी मी प्रशिक्षणाची पुस्तिका पहिल्यांदा उघडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की संशयित जागेचा नमुना वेगळा घ्यावा, इतर मातीत मिसळू नये. पाच दिवस ती माझ्या पिशवीत होती. सरांचा राग आला, कारखान्याचा आला, पण बागेतल्या माझ्या त्या हसण्याचा जितका आला तितका कशाचाच नाही.

रविवारी मी एकटीच बागेत गेले. चाचांनी मला ओळखलं. "आता कावून आलात?" एवढंच विचारलं. काळ्या पट्ट्यातली माती वेगळी बांधून घेतली. बाटलीला दगड आणि बुचाला वेगळी दोरी बांधून ती विहिरीच्या तळाशी सोडली आणि तिथं बूच ओढलं. वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. तळाचं आलं ते कोऱ्या चहासारखं. प्रयोगशाळेत क्षार मोजणाऱ्या यंत्राचा आकडा इतका वर गेला की यंत्रच बिघडलंय असं समजून मी तीनदा धुऊन पाहिलं.

सरांना फोन केला. ते म्हणाले, तो सराव होता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचे साहेब म्हणाले, आदेश नसताना रविवारी घेतलेल्या नमुन्याला नमुना म्हणत नाहीत. तहसीलच्या बाबूने तर माझा कागद वाचलाही नाही. योग्य मार्गाने आणा, तोवर टँकर थांबणार नाही, म्हणाला. मी त्याच्या टेबलावर हात आपटला. त्याने आधी चहाचा कप सावरला.

मग मी सरळ गावात गेले. टँकर आला होता, रांग लागली होती. मी मोठ्याने सांगितलं की चाचांची विहीर खराब आहे, ज्या कागदावर ती घेतली त्यावर माझी सही आहे आणि तो कागद चुकला आहे. मला वाटलं, बायका हंडे आपटतील, मला शिव्या देतील. मी त्यासाठीच आले होते.

रांग मोडली नाही. रांगेतल्या पुढच्या बाईने पाइप आपल्या हंड्यात धरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "चाचा खोटं बोलत न्हाई, हे आमाला पहिल्यापासून ठावं हाय. दुसरं पाणी कुठंय, ते सांगा. न्हाई ना? मग तुमचा कागद होता, तेवढं लेकरांना पाजायला सोपं जात होतं. तो बी काढून घ्यायला आलात का?"

तिचा हंडा भरला. तिने पदराची घडी दुसऱ्या हंड्याच्या तोंडावर घातली, त्यातून पाणी गाळलं, आणि पदरावर राहिलेला तपकिरी डाग न बघता पिळून टाकला.