कर्कटकाच्या फुल्या

परवा शिवणयंत्र पुसायला रॉकेलची बाटली उघडली आणि त्या वासासरशी उद्यमनगरातला बापू मिस्त्री डोळ्यांपुढं उभा राहिला. डोकंच फिरलं.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी शाळेत गणित शिकवायचो. बापूच्या गॅरेजवर पाटी होती, ‘इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्राकाम, रंगकाम, सर्व कामे खात्रीने.’ मला ती खात्री नव्हती. मिस्त्री लोक चांगला पार्ट काढून जुना घालतात, असं शाळेत सगळेच म्हणायचे. म्हणून माझी स्कूटर त्याच्याकडं दुरुस्तीला देण्याआधी कार्बोरेटरपासून सायलेन्सरपर्यंत दिसेल त्या पार्टवर मी कर्कटकानं बारीक फुली मारून ठेवली.

संध्याकाळी गेलो, तर इंजिनाचं काम झालेलं आणि बापू ब्रेकचे पार्ट रॉकेलनं धूत बसलेला. वर न बघताच त्यानं विचारलं, “मास्तर, ह्या फुल्या तुमच्याच न्हवं?”

“गाडी माझी आहे. काहीही करीन.”

“करा की. पर ब्रेक मी बसवणार न्हाय.”

“पाटीवर लिहिलंय ना!”

“लिवलंय. पर ज्येचा माझ्यावर इस्वास न्हाय, त्येनं माझ्या हातच्या ब्रेकवर गाडी चालवू नये.”

ब्रेकचे पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्या हातात कोंबले. चोराच्या उलट्या बोंबा, असं पुटपुटत मी स्कूटर घरापर्यंत ढकलत आणली. दारातच उकिडवा बसून एकेक फुली तपासली.

सगळ्या जागच्या जागी होत्या. एक जरी कमी निघाली असती, तर त्याला मी केव्हाच माफ केलं असतं.