शेतांना लग्नाचं आवतण

हिराआय लग्नाचं आवतण मेलेल्यांनाही देत असे. ती आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांची लग्नं तेव्हा भटजी नव्हे, तीच धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लावायची. मांडवात बसून आधी देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलवायची. पणज्याचं नाव मला तिच्याच तोंडून कळलं. कुणी घाई केली तर म्हणायची, "तुना जेवाची घाई हाय. त्यांना येवाला येल लागतं."

न्हावा शेवाच्या बंदरासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा ही बाई मोर्चात शिरली. भाषण तिला जमेना. तिनं गाणी रचली ती धवल्याच्याच चालीवर, आणि त्यांत शेतांना आवतण दिलं: मोठी खार ये, उंबराचं शेत ये, धाकटं आगर ये. आपल्या शेताचं नाव आलं की दांडगे बाप्ये रडायचे. आठ दिवस ती कोठडीत होती. तिथं फौजदाराला म्हणाली, "आवाज सातबाऱ्याव नाय, तो कसा नेशील?"

पुढे भरपाई आली आणि आम्ही गप्प झालो. हिराआय मात्र प्रत्येक लग्नात, गेलेल्या माणसांपाठोपाठ गेलेली शेतंही बोलवू लागली. मला बंदराच्या कचेरीत नोकरी लागली. माझं लग्न ठरलं बंदरासाठी शेतांवर मातीचा भराव टाकायची कंत्राटं घेणाऱ्याच्या मुलीशी. सासरे म्हणाले, "भटजी आणा. ती बाई मांडवात शेतांची नावं घेते, आणि आपले बंदराचे साहेब येणारेत."

तिला सांगायला मीच गेलो. ती सुकट निवडत बसली होती. "आय, धवला गा, पन शेतां नको," मी चाचरत म्हणालो.

माझे वडील वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी गेलेल्या शेताच्या बांधावरच प्राण सोडला होता.

"तुज्या बापासला शेत सोरून एकट्याला कसा बोलवू?" ती म्हणाली. "तो येवाचा नाय."

"मग राहू दे," मी म्हणालो.

लग्न भटजींनी कर्ण्यावरून लावलं. हिराआय आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली. माझं पाहून गावानंही भटजी आणायला सुरुवात केली. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. दोन वर्षांनी ती वारली.

सासऱ्यांवर मी पुष्कळ वर्षं राग धरला. तो सोयीचा होता. पण माझ्या बापाला लग्नाला बोलवू नका, असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते मी म्हणालो होतो.