जावईबुवांनी बुजवलेलं भोक

रमेशभाऊंचा सोफा अंगणात उन्हात वाळत होता आणि शेजारी खुर्ची टाकून रमेशभाऊ स्वतः. मी स्कूटी स्टँडवर लावतेच आहे, तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली.

"बाई, हे काय करून ठेवलं तुमी? काल लाइट गेली आन् सगळा हॉल पाण्यानं भरला. मी तं कॉलनीच्या ग्रुपवर टाकून देल्लं, शबानाबाईचं फिटिंग घेऊ नका म्हणून."

म्हणजे आधी फाशी, मग चौकशी. वा रे वा!

बल्लारपुरात मी फिश टँक बसवते. काचेचं काम नवरा करतो, पाइप आणि पंप माझ्याकडे. बाई पाइप फिटिंग करते याचंच लोकांना इतकं नवल, की कुठं थेंब गळला तरी 'बाईच ती' म्हणायला सगळे टपलेले. त्याच सकाळी याच कॉलनीतल्या एका दातांच्या डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांच्या दवाखान्यात मोठा टँक बसवायचा होता, आमचं घर महिनाभर चालेल एवढं काम. "जरा थांबा," म्हणाले. काऊन थांबा, ते मला या अंगणात कळलं.

आता रचना सांगते. हॉलमध्ये वर मोठा टँक. खाली कपाटात एक छोटी टाकी, तिला सम्प म्हणतात. आमच्याकडे संप म्हटलं की लोकांना मिलच्या गेटवरचे झेंडे आठवतात, म्हणून मी खालची टाकीच म्हणते. वरचं जास्तीचं पाणी एका पाइपानं खाली उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते दुसऱ्या पाइपानं परत वर ढकलतो. लाइट गेली की पंप बंद. तेव्हा या दुसऱ्या पाइपाचं तोंड वरच्या टँकमध्ये खोल बुडालेलं असेल, तर पाणी त्यातून उलटं खाली येत राहतं. ड्रममधून नळीनं डिझेल काढतात ना, तसंच. खालची टाकी छोटी. ती भरते आणि मग तुमचा हॉल भरतो.

म्हणून ते तोंड मी वरच ठेवते. रमेशभाऊंना चाललं नाही. खळखळाटात टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत म्हणे, जसा काही देश यांच्याच भरवशावर चालला आहे. शेवटी तोंड खोल घेतलं आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला एक बारीक भोक पाडलं. पाणी उतरत भोकापर्यंत आलं की पाइपात हवा शिरते आणि ओढ तुटते. रमेशभाऊंना आणि वैनींना बोट ठेवून दाखवलं होतं. "यातून चिळकांडी उडन, उडू द्या." दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

आत गेले. टँकमध्ये वीतभर पाणी उरलं होतं. वैनी कपडे धुवायच्या टबाजवळ बसल्या होत्या. टबात त्यांचे दोन ऑस्कर मासे, त्यातला एक कलंडलेला. "हा माह्या हातातून खाते हो," म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. या अल्ला, मलाही भरून आलं.

पाइप चाचपला. भोक गायब! त्या जागी करड्या पुट्टीचा गोळा, वर बोटाचा ठसा.

"हे कोनं केलं?"

वैनींनी रमेशभाऊंकडे पाहिलं. रमेशभाऊंनी पंख्याकडे पाहिलं. मग मला बाजूला घेऊन कुजबुजले, "बाई, हळू बोला. जावई आले आहेत. त्यायनंच बुजवलं."

"मंग त्यायले सांगा."

"जावयाले कसं सांगू? पूनमचं आत्ताच तं लग्न झालं. तुमी असं करा ना, म्हणा, माह्याकडून चुकलं. मिटून जाईन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इकडे मासा मरायला टेकला, हातातलं काम निसटत चाललं आणि या माणसाला मिटवायचं पडलं होतं! "भाऊ, जावयाचा मान तुमी तुमच्या घरातून ठेवा. माह्या नावाले बट्टा लावून नाई."

तेवढ्यात जावईबुवा स्वतःच चहाचा कप घेऊन आले. नागपूरला गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन आहेत आणि घरातही तोच आवाज. "मीच बुजवलं ते! तुमचा पाइप लीक होता, बाई. कोनाच्या लक्षात नाई आलं. मी पाह्यलं आन् दोन मिन्टात काम खतम. उलट थँक्यू म्हणा मले."

रमेशभाऊ गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसायला लागले.

मी पिशवीतून सुरी काढली. पुट्टी खरवडली, बोअरच्या पाण्यानं टँक भरला, पंप सुरू केला. भोकातून चिळकांडी उडाली. "हे पाहा, लीक!" जावईबुवा ओरडले. मी भिंतीवरचं बटण बंद केलं. वरचं पाणी उतरायला लागलं तसे रमेशभाऊ पाय वर घेऊन दिवाणावर चढून बसले. पाणी दोन बोटं उतरलं, पाइपातून सुर्र आवाज आला आणि थांबलं. खालच्या टाकीतून एक थेंब बाहेर आला नाही.

"म्हणजे हे भोक मुद्दाम होतं?" जावईबुवा म्हणाले. "मंग आधी सांगाचं ना!"

"तुमच्या सासऱ्याले सांगितलं होतं. तुमी बुजवत होते तेव्हा ते कुठी होते?"

"इथीच होतो," रमेशभाऊ म्हणाले. "सांगनार होतो मी. पण ते इतक्या हौसेनं करून राह्यले होते..."

म्हणजे हा गृहस्थ बाजूला उभा राहून पाहत होता! जावयाचा हिरमोड नको म्हणून घरात पाणी भरू दिलं आणि खापर माझ्या डोक्यावर फोडलं. असली माणसं पाहिली की मला किळस येते. मी खुर्ची ओढून बसले. "ग्रुपवर टाका. आत्ता. माह्यासमोर."

घाम पुसत पुसत त्यांनी टाइप केलं, 'काही तांत्रिक कारणामुळे आमच्या घरी पाणी सांडले. शबानाबाईंची चूक नाही.'

तांत्रिक कारण! मी त्यावर तोंड उघडणार, तोच खाली दुसरा मेसेज आला. पाठवणारी पूनम. ती आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

'ते तांत्रिक कारण म्हणजे आमचे हे.'

वैनी टबाजवळ बसल्या बसल्या खो खो हसल्या. जावईबुवांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडी पुसायला बाहेर गेले. कलंडलेला ऑस्कर टँकमध्ये सोडल्यावर हळूहळू सरळ झाला. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, "या उद्या, माप घ्यायला." तेही हसत होते.

तेव्हापासून मी त्या भोकाला भोक म्हणत नाही. ग्राहकाला सांगते, "हा अँटी-सायफन पोर्ट आहे." भोक म्हटलं की आमच्याकडे जो तो पुट्टी घेऊन धावतो. पोर्ट म्हटल्यापासून अजून एकाही जावयानं त्याला बोट लावलेलं नाही.