आडातली मरळ

शेजारच्या अव्वांच्या आडातली मरळ मी काढली, घरी आणून कापली आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ली. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. एवढं एक वाक्य लिहायला बरेच उन्हाळे गेले. कुणी म्हणेल, एक मासा तो काय, अन् त्याचं एवढं काय घेऊन बसलात. मीही स्वतःला तेच सांगत आलो. आता सांगून सांगून थकलोय, म्हणून मागचं-पुढचं लिहितो.

आमचं गाव हळ्ळीखेडच्या बाजूचं, कारंजा नदीच्या काठचं. आमचं घर मराठ्याचं, मासे-मटण खाणारं. भिंतीला भिंत लागून अव्वांचं लिंगायत घर. त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंही गेलं नाही. अव्वा घरात कानडी बोलायच्या, आमच्याशी मराठी. दोन्ही घरांचं पटायचं, आणि ते पटणं बरंचसं त्यांच्या आडावर टिकून होतं. आमच्या आडाचा होळी झाली की तळ दिसायचा. त्यांचा आड भर वैशाखातही आटत नसे. अव्वांनी पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. अट एकच. मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत त्या सांगायच्या, "तुमी काय खायचं ते खावा तम्मा, आमी काय तुमच्या ताटात बघायलोय? पर मासा-मटणाच्या भांड्याला हितलं पाणी दाखवू नका."

उन्हाळ्यात शेतकरी मोकळा असतो म्हणतात. आमच्याकडं उलटं होतं. रास घरात आली की गाडी सरकारी सडकेवर जुंपायची, मन्नाएखेळ्ळीच्या अंगाला मुरूम टाकायला. मी उजाडायच्या आत निघायचो. बायको रानात धसकटं वेचायची, शेणखत ओढायची, दोन पोरं तिच्या मागं. म्हातारा बाप ओसरीवर खोकत पडलेला. संध्याकाळी आम्ही घरात शिरायचो ते आपल्याच अंगाचं ओझं घेऊन. पाट्यावर वाटण वाटायचं सोडाच, डाळ शिजेस्तोवर जागं राहायचंही त्राण नसायचं. तुरीची डाळ मोठी हट्टी. ती किती गवऱ्या खाईल हे तिच्या मर्जीवर.

मासा तसा नाही. भाकऱ्या थापून होईस्तोवर मासा होतो. उन्हाळ्यात नदीची धार तुटायची, जागोजाग डोह उरायचे आणि मासे त्यात अडकून पडायचे. भोयाची बाई तिन्हीसांजेला पाटी घेऊन यायची, ओंजळभर ज्वारी पदरात घ्यायची आणि मासे टाकून जायची. बारीक असले तर हळद-मीठ चोळून, भाकऱ्या उतरल्या की त्याच तापल्या तव्यावर करडईच्या तेलात टाकायचे. मोठे असले तर कालवण. चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण, तिखट, आणि वरून मूठभर येसर. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून दळून ठेवलेलं पीठ. बायको ते थंडीतच करून ठेवायची. ते पडलं की कालवण आपोआप दाट व्हायचं, वाटणाची गरज नाही. उरलेलं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सडकेवर, बाभळीखाली, कडक भाकरी त्यात मोडून खायची. चिंचेमुळं ते नासत नसे, मुरायचं. आमचा उन्हाळा असा माशांवर निघायचा. आवडीपेक्षा सोय जास्त.

त्यात मरळ मिळाली तर चैनच. मरळ मोठी चिवट. तोंड वर काढून वारा घेते, म्हणून फुटक्या माठात चार बोटं पाण्यातही कितीतरी दिवस जगते. आम्ही तिला न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवायचो, माठावर ओलं पोतं, पोत्यावर दगड. ज्या दिवशी कुणाकडूनच काही होणार नाही, त्या दिवसासाठी.

आडातली मरळ वेगळी. पिण्याच्या आडात एखादी मरळ सोडायची आमच्याकडं रीत आहे. ती किडे, अळ्या खाते, पाणी निवळ राहतं. मासे खाणारेही आडातली मरळ खात नाहीत. ती घरातलीच एक समजतात. अव्वांची तर लाडकी होती. रोज सकाळी भिजवलेल्या पिठाची गोळी घेऊन त्या काठावर बसायच्या आणि "बा, बा" म्हणायच्या. बा म्हणजे कानडीत ये. खाली काळ्या पाण्यात काहीतरी वळायचं, गोळी नाहीशी व्हायची आणि अव्वा समाधानानं उठायच्या.

त्यांच्या सुनेला मात्र तिची शिसारी यायची. सून नवी होती, चिंचोळीकडच्या कोरड्या गावातली. मासा राहतो ते पाणी ती दुहेरी फडक्यानं गाळायची. अव्वा माझ्या बायकोला ऐकवायच्या, "आमची सून लई सोवळी बघ. मासा प्यायलेलं पाणी हिला चालंना. मासा बिचारा काय बोलंना, की हिची बादली बुडलेलं पाणी मी कसं पिऊ."

सून आतून म्हणायची, "त्याला जीभ न्हाई म्हणून बरं चाललंय, अव्वा. न्हाई तर तुमी दोघं मिळून मला बोलला असता."

दोघी हसायच्या. ते हसणं मी ऐकलेलं आहे, म्हणून पुढचं जास्त लागतं.

त्या साली बायको चैत्रात बाळंत झाली, तिसऱ्या वेळी. अंगावर दूध येईना. बाप म्हणाला, "मरळ घाल तिला. तुझ्या आईला मी हेच घातलं होतं." पण पाऊस आधीच्या साली दगा देऊन गेलेला. नदीत डोह म्हणावा असा डोह राहिला नव्हता. भोयाकडं गेलो तर तो झोपल्या झोपल्या म्हणाला, "डोहात म्हशीच मावनात झाल्यात, मासे कुठले? पाऊस पडू द्या, मग या."

एका दुपारी बैलाचा खूर दुखावला म्हणून सडकेवरून लवकर परतलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लेकरू रडत होतं, पण रडण्यातही जोर उरलेला नव्हता. बायको भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आज काय करू?"

एवढंच. माणसाला एवढा साधा प्रश्नही सोसत नाही, असा एखादा दिवस येतो. मी घागर उचलली आणि अव्वांच्या परड्यात गेलो. अव्वा आणि त्यांचा मुलगा हुमनाबादला लग्नाला गेले होते. सून मागच्या दारात सावलीला ज्वारी निवडत बसली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि सूप घेऊन आत गेली.

मी पाणी भरायलाच गेलो होतो, असं लिहिलं तर खोटं होईल. पिठाची गोळी माझ्या मुठीत होती. बादली पाण्यात जेमतेम बुडेल इतकीच सोडली, गोळी तिच्यात टाकली आणि अव्वांच्यासारखं म्हणालो, "बा, बा." ती आली. तिला धरावं लागलं नाही. बादली वर आली तरी ती फार धडपडली नाही. घागरीत ओतली, तोंडावर फडकं टाकलं आणि घरी आलो.

"कुठनं आणली?" बायकोनं विचारलं.

"भोयानं दिली."

"नदी तर आटली म्हणत होताव."

"दिली म्हणलं ना."

कापली मी. बायकोनं उठून चिंच कालवली, येसर टाकला. मधले तुकडे तिला, शेपटीकडचे पोरांना, डोकं बापाला. मी रश्श्यात भाकरी मोडली. चव चांगली होती. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. त्या दिवशी मला कितीतरी दिवसांत लागली नव्हती अशी झोप लागली.

अव्वा परत आल्या. सकाळी भिंतीपलीकडून "बा, बा" ऐकू आलं. मग जरा मोठ्यानं. पुढचे काही दिवस पिठाच्या गोळ्या पाण्यात नुसत्याच विरत राहिल्या. मेली असती तर वर तरंगली असती, म्हणजे कुणीतरी काढली हे उघड होतं. अव्वा स्वतः मला म्हणाल्या, "तम्मा, तुमी खाता म्हणून मी तुमच्यावर नाव घेत न्हाई. हितलं पाणी पिणारा माणूस असं करंल व्हय?"

मी मान हलवली.

उरली सून. घरात त्या दिवशी ती एकटी होती, आणि तिला मासा नकोसा होता हे सगळ्या गल्लीला ठाऊक. अव्वांनी धरलं, की हिनं काढून कुठं तरी उन्हात फेकला. मुका जीव, आपल्या भरवशावर सोडलेला, आणि लिंगायताच्या घरात मारला गेला. गल्लीतल्या बायकांना विषय मिळाला. पाण्याला निघाली की एक विचारायची, "काय गं, कुठं सोडलीस सवत?" दुसरी म्हणायची, "सोडतीय कशाला? कसा लागला, तेवढं सांग की आमाला." ती घागर घेऊन तशीच पुढं जायची.

एकदा मी बैलाला पाणी पाजत होतो. भिंतीपलीकडून ती बोलली. तोवर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"अण्णा, त्या दिवशी दुपारी तुमी पाण्याला आला होता. मी निवडत बसले होते, तुमाला बघून आत गेले. आडाजवळ मी आलेच न्हाई. एवढं अव्वाला सांगा की. तुमचं ऐकतेत त्या."

माझ्यावर आळ घेणं तिच्या मनातही नव्हतं. तिला साक्ष हवी होती, आणि साक्ष द्यायला मीच एकटा होतो. पण तिनं काही केलं नाही असं म्हटलं, की मग केलं कुणी, हे लगेच आलं असतं. बायको ओली बाळंतीण, पाणी त्यांच्या आडाचं, पाऊस लांब. हे सगळं मी त्या क्षणी मनात मांडलं असंही नाही. मला फक्त तिथून निघायचं होतं.

म्हणालो, "मी घाईत होतो. माझं ध्यान नव्हतं."

पलीकडं घागर उचलल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. राहू द्या."

बायकोला कळलं असावं. तिला उकिरड्यावर राखेखाली खवले पुरताना मी बघितलं. खूप दिवसांनी एकदाच म्हणाली, "बोलायलाव कामून न्हाई तुमी?"

"काय बोलू?"

"मला कामून विचारताव? तुमालाच ठावं." त्यानंतर ती लेकरू कडेवर घेऊन नदीतल्या झिऱ्यावर पाण्याला जाऊ लागली. वाळूत खड्डा करून वाटीवाटीनं घागर भरायची. मी नको म्हणायचो, ती ऐकायची नाही. घरात पुन्हा मरळ तिनं येऊ दिली नाही. मीही आणली नाही.

अव्वांच्या घरात आरडाओरडा झाला नाही. तो झाला असता तर एकदाचं संपलं तरी असतं. त्यांनी फक्त सुनेच्या हातचं पाणी पिणं सोडलं. दळण, सारवण, स्वयंपाक सगळं तिच्याकडंच होतं. भाकरी तिच्या हातची चालायची. पिण्याचं पाणी मात्र अव्वा स्वतः शेंदायच्या, स्वतः ओतून घ्यायच्या. पुढं हात चालेनात तेव्हा आमच्या पोरीला हाक मारायच्या, "ये गं, तेवढं पाणी दे." आम्हा खाणाऱ्यांच्या हातचं पाणी त्यांना चाललं. अशी वर्षं गेली. सून रोज त्यांच्यापुढं ताट ठेवायची आणि तांब्या न ठेवता आत जायची.

मुलखात गडबड सुरू झाली, गावं लुटली-जाळली जाऊ लागली, तेव्हा आमचं गाव निम्मं रिकामं झालं. मीही बायकोपोरांना सोलापूरकडं पोचवून आलो. बाप त्याआधीच गेला होता. अव्वा अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना हलवण्यासारखं नव्हतं, म्हणून मुलगा आणि सून मागं राहिले. एक दिवस मुलगा वैद्याला आणायला गेला होता, म्हणून मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. अव्वांचे ओठ सुकले होते. "नीरु," म्हणाल्या. पाणी.

सून तांब्या घेऊन आली. खाली बसली, एका हातानं अव्वांची मान उचलली. अव्वांनी डोळे उघडून बघितलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

"तम्मा," त्या म्हणाल्या, "तू दे."

सांगायची वेळ तीच होती. अव्वांना ऐकू येत होतं, कळत होतं. दोन शब्द पुरले असते, आणि अव्वा सुनेच्या हातचं पाणी पिऊन गेल्या असत्या. मी तांब्याकडं हात केला. सुनेनं तो माझ्या हातात दिला, उठली आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली. मी अव्वांना पाणी पाजलं. त्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या.

सुनेचे केस आता पिकायला लागलेत. नवरा तिच्याशी नीट वागतो, पण तू ते केलं नाहीस असं त्यानं तिला कधी म्हटलेलं नाही. माझ्या बायकोजवळ ती हे एकदा बोलली. गल्लीतली पोरं मागून तिला 'मरळीची' म्हणतात. कामून म्हणतात ते त्यांना ठाऊकही नसेल.

हा कागद तिच्या काही कामाचा नाही, तिला वाचता येत नाही. मासा मी नेला, तिनं काही केलं नव्हतं, आणि तिनं साक्ष मागितली तेव्हा मी खोटं बोललो, हे तिच्या नवऱ्यासमोर आणि गल्लीसमोर मी तोंडानं सांगायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.