खुर्चीमागे एक कप

वेताचे तुकडे रोज झाडून काढावे लागतात. किस्से मात्र कोणी झाडत नाही, ते साठतच जातात. यंदा अण्णांनी दुकान विकायला काढलं, तेव्हा मला ते सगळे एकदम आठवायला लागले.

बुधवार पेठेतल्या एका बोळात अण्णा जुन्या बेंटवूड खुर्च्या दुरुस्त करतात. वाफेवर वाकवलेलं लाकूड, गोल पाठ, वेताची सीट. जाळी मी विणते. पॉलिश मंदाताईंचं, आणि चाचणीही! तिघांत वजनदार त्याच. दुरुस्त झालेल्या प्रत्येक खुर्चीवर बसून त्यांनी कपभर चहा संपवायचा. ती कुरकुरली नाही, तरच गिऱ्हाइकाकडे जाते.

०

एक मॅडम म्हणाल्या, "अहो, चाचणी नको. इंटिरियरवाला ही भिंतीवर टांगणार आहे."

अण्णा म्हणाले, "मग टांगल्यावर कळवा. मंदाताईंना तिकडेच पाठवतो!"

०

एक कॉलेजकुमार आला. "अंकल, फाटकी जाळी तशीच ठेवा ना. व्हिंटेज लुक येतो."

अण्णांनी त्याच्या गुडघ्यावर फाटलेल्या जीन्सकडे पाहिलं. "ठेवतो. पण बसताना जपा. सध्या गुडघाच दिसतोय!"

०

एक साहेब खुर्ची परत घेऊन आले. "डुगडुगते!"

मंदाताई बसल्या. खुर्ची ढिम्म. शेवटी अण्णा साहेबांच्या नव्या फ्लॅटवर जाऊन आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. फरशीला उतार आहे. म्हटलं, फरशा दुरुस्त करत नाही आम्ही!"

०

लोणी काळभोरहून एक आजोबा जुनी खुर्ची घेऊन आले. नव्या बंगल्यात सोफा आला आणि सुनेने ती गोठ्यात टाकली होती.

"सोफा लई मऊ हाय. बसलो की उठवाया दोघं लागत्यात. हिच्यावरनं माझा मी उठतो."

महिन्याभराने सूनबाई स्वतः दुकानात हजर! "अजून एक मिळंल का? मामंजी उठतच न्हाईत तिच्यावरनं, मी कुठं बसू?"

०

अण्णांची बोटं हल्ली थरथरतात, मुलगा परगावी. म्हणून विक्री. मला दुसरं काम येत नाही. दुकान विकलं जाऊ नये, असं मी देवाला रोज सांगत होते.

जागा बघायला एक बिल्डर आले. टेपने मापं घेतली. आमच्याकडे बसायला दुसरं काय असणार? मंदाताईंनी नुकतीच तयार झालेली खुर्ची पुढे केली, चहा दिला.

साहेब टेकले. खुर्चीच्या गोलाईवरून हात फिरवत म्हणाले, "अशा सहा आमच्या माळ्यावर पडल्यात. आईच्या. कुठे करून मिळतील हो?"

"इथे मिळायच्या," अण्णा म्हणाले. "आता जागा तुमची होणार. तुम्हीच सांगा, कुठे मिळतील ते!"

साहेब चहा संपला तरी उठेनात. मग टेप गुंडाळून खिशात टाकली आणि निघून गेले. जागेबद्दल अवाक्षर नाही.

सोमवारी दारात टेम्पो उभा राहिला. साहेबांच्या सहा खुर्च्या, धुळीने माखलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, आधी खुर्च्या, जागेचं नंतर बघू." अण्णांनी एकेक हलवून पाहिली, माझ्यापुढे वेताची जुडी ठेवली आणि आत वळून ओरडले,

"मंदाताई, दूधवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. पुढच्या आठवड्यात दूध जास्त लागेल!"