काकीच्या वाफ्यातले नाकतोडे

नाकतोडा मागून धरू नये. तो पुढेच उडी मारतो, म्हणून एका हाताची ओंजळ त्याच्या तोंडापुढे धरायची आणि दुसऱ्या हाताने मागचं गवत हलवायचं. आपोआप मुठीत येतो. मग मागच्या पायांनी बोटं खरवडतो, तोंडातून तंबाखूच्या पिंकेसारखा रस काढतो, आणि घाबरून पोरं मूठ सोडतात. मी सोडत नसे. अकराव्या वर्षी घरात कुणाहीपेक्षा चांगलं येणारं माझं हे एकच काम होतं आणि ते मी सूड उगवायला वापरलं. हे सांगताना लाज वाटायला हवी. थोडी वाटतेही, पण रागानंतर.

पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचं गाव. तारापूरला तेव्हा मोठं बांधकाम निघालं होतं. बाबा तिथे बिगारीवर जायचे आणि आठवड्याने घरी यायचे, त्यामुळे शेत आई आणि मी बघत होतो. शेजारी बाबांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे काकाचं घर. वाटणी झाली तेव्हा जमिनीच्या मधोमध बांध पडला, आणि बांधाच्या अल्याड-पल्याड दोघांचे भाताच्या रोपाचे वाफे आले. या रोपाला आमच्याकडे आवण म्हणतात. आवण गेलं तर खाचरात लावायला काही उरत नाही आणि वर्षाचा भात गेला असंच समजायचं.

त्या साली पेरणीनंतर पावसाने आठ-दहा दिवस डोळे वटारले आणि माळावरच्या गवतातून नाकतोड्यांची पिल्लं वाफ्यांत उतरली. पंख न फुटलेली, नखाएवढी, पण भूक बैलाची. यावर गावात एक रीत होती. सुंभाचा लांब दोर घासलेटात भिजवायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि रोपाच्या शेंड्यांवरून तो ओढत न्यायचा. नाकतोडे पुढे पुढे उड्या मारत जातात. दोन्ही वाफ्यांचं एक तोंड माळाला लागलेलं होतं, म्हणून दोर नेहमी माळाकडेच ओढायचा. बांधाकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या वाफ्याकडे, कधीही नाही. हे कुणी कुणाला शिकवत नसे. भांडण असलं, बोलचाल बंद असली तरी दोर माळाकडेच जायचा.

एका पहाटे मी शेण गोळा करायला गेले होते. फटफटलं होतं. करवंदीच्या जाळीआडून पाहिलं तर काका-काकी वाफ्यात दोर ओढत होते, आणि ओढत होते तो आमच्या बांधाकडे. काकाची मान खाली होती. काकीची नव्हती. बांधाशी येऊन तिने दोर झटकला, गुंडाळला आणि दोघं घराकडे गेली. आमच्या वाफ्यावर नाकतोडे गारा पडाव्यात तसे पडले होते.

मी धावत येऊन आईला सांगितलं. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "गप रव. कोनाला बोलू नको."

"पन आये, तिनं मुद्दाम केलं. मी डोळ्यांनी बगितलं."

"बगितलंस ना? मग आता गिळ."

आई मूग गिळून बसली. चार दिवसांत आमचा अर्धा वाफा झाडूच्या काड्यांसारखा उभा राहिला. आम्हीही दोर ओढला, माळाकडेच ओढला, पण खाणाऱ्यांचं खाऊन झालं होतं. तिकडे काकीचं आवण हिरवंगार, वाऱ्यावर डुलत. ती बांधावर उभी राहून आईला म्हणाली, "तुमच्या वाफ्याला काय झालं गो? राब नीट भाजला नाय काय?"

राब म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून भाजायचं, ते आमच्याकडे आईचं काम. त्या प्रश्नाने माझं डोकं फिरलं. खाल्लं ते खाल्लं, वर आईलाच कामचुकार ठरवते. मी ठरवलं, हिचं एकेक पातं खाऊन दाखवीन. मला खाता येत नाही, पण खाणारे धरता येतात.

जुन्या सुपाला फणसाचा चीक फासला. पहाटे दवात नाकतोडे जड होतात, गवताच्या शेंड्यावर बसून राहतात. माळावरून सूप फिरवलं की दहा-वीस चिकटायचे. पण चिकातून सोडवताना पाय तुटत, आणि लंगडा नाकतोडा माझ्या काय कामाचा. म्हणून सूप टाकलं आणि हातांनीच धरू लागले. एक मडकं, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला बोटभर चीर. मडकं भरलं की ओणवी होऊन बांधापर्यंत जायचं आणि काकीच्या वाफ्यात उपडं करायचं. पाच पहाटा हे केलं. बोटं सोलवटून निघाली, पण एवढ्या आनंदाने मी त्याआधी कुठलंच काम केलं नव्हतं. सहाव्या दिवशी काकीच्या वाफ्याला कडेने टक्कल पडलं आणि मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आईने माझी बोटं पाहिली. मग चुलीमागचं मडकं हुंगलं. दंडाला धरून मला काकीच्या वाफ्यात नेऊन उभी केली.

"सोडलेस तेवढे धर. एक ठेवशील तर घरात घेनार नाय."

मी दात-ओठ खात खाली बसले. आपल्याच हातांनी सोडलेले आपल्याच हातांनी धरायचे, तेही तिचं आवण वाचवायला. रागाने डोळ्यांतून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काकी आली. मी चिखलात, बोटांना चिंध्या, शेजारी मडकं. तिने वाकून मडक्यात पाहिलं. मग म्हणाली, "आपला वाफा गेला, नि तू माजा राखतेस?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या मागे, बांधावर, आई उभी होती. मी मान खाली घातली आणि अजून एक नाकतोडा धरला.

काकी विहिरीवर गेली आणि बायकांना सांगितलं की जावेच्या पोरीला माया आहे. लावणीच्या दिवशी तिने उरलेलं आवण आमच्या बांधावर आणून टाकलं, न मागता. आमची दोन खाचरं त्या रोपाने लागली. मी प्रत्येक काडी चिखलात खुपसताना तिला शिव्या देत होते. भात चांगला आला.

वर्षं गेली. माझं लग्न मनोरला झालं, आई-बाबा गेले, काका गेला. काकी अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. तिने माझा हात धरला, नेमकी तीच बोटं चाचपली.

"त्या साली दोर मी तुमच्या आंगाला वढला व्हता," ती म्हणाली. "आनी तू माजे नाकतोडे धरत बसलीस. तवापासून तुज्या तोंडाकं बगवत नाय मला."

एक वाक्य पुरे होतं. काकी, ते मीच सोडले होते. म्हातारी हसली असती, आम्ही दोघी हसलो असतो, आणि तिच्या उरावरचा धोंडा उतरला असता. मी तिच्या तोंडात पेजेचा चमचा घातला आणि म्हणाले, "जाऊ दे काकी. झालं ते झालं."

ती आणखी रडली. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही. गाव म्हणालं, सख्ख्या लेकीने केलं नसतं एवढं केलं. मी तिचं रडणं बघायला जात होते. मनाशी म्हणायचे, आज नको, उद्या सांगू. माझ्या आईला कामचुकार म्हणालीस ना, मग रड अजून एक दिवस.

पाचव्या दिवशी पोचले तेव्हा तिला अंगणात आणून ठेवलं होतं. बायकांनी मला वाट करून दिली. मी जे रडले ते खोटं नव्हतं. उद्या संपला होता, आणि सांगायचं होतं ते माझ्यापाशीच राहिलं.